गोठ्यापर्यंत गेल्याशिवाय सही नाही

परवा भाचीचा फोन आला. गेल्या वर्षी ती बँकेत अधिकारी म्हणून लागली, पहिलीच नेमणूक खेड्यात मिळाली आहे. "मामा, दुधाच्या धंद्याची फाइल आहे. सातबारा, आठ-अ, सिबिल, सगळं ठीक आहे. आहेत त्या सहा म्हशींचे फोटो व्हॉट्सॅपवर आलेत. आणखी चार घ्यायच्यात म्हणतो. करू मंजूर?"

"गोठा पाहिलास?" मी विचारलं. ती गप्प.

मला १९८५ साल आठवलं. अंबड तालुक्यातली शाखा, मी नवा कृषी अधिकारी. आमचे साहेब मला राजदूतवर मागे बसवून वस्त्यांवर न्यायचे. गोठ्यात शिरले की धोतराचा सोगा खोचल्यासारखी पँट वर घ्यायचे, म्हशीचा कान हातात धरून बिल्ला अंगठ्याने पुसायचे आणि नंबर मोठ्याने वाचायचे. मी वहीत लिहायचो. गरीब कुटुंबांना जनावरांसाठी अनुदानासह कर्ज देणाऱ्या एकात्मिक ग्रामीण विकास योजनेचे ते दिवस. एकच म्हैस सकाळी या दावणीला, दुपारी त्या. कागदावर तीन म्हशी, दूध एकीचं. साहेब एक गोष्ट हमखास बघायचे, ती म्हणजे गोठ्यामागचा उकिरडा. "चार जनावरं म्हणता, मग शेण कुठं जातं हो पाटील?" एवढंच विचारायचे. आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही.

बँकर चांगला असायला काय लागतं, असं कुणी विचारलं तर मी आधी पाय आणि डोळे सांगतो. बाकीचं शिकता येतं.

आपण वाटतो तो पैसा आपला नसतो, हे मात्र रोज नव्याने आठवावं लागतं. आमच्या शाखेत निवृत्त शिक्षकांच्या मुदतठेवी होत्या, भाजीवाल्या बायकांची बचत खाती होती. त्यातला काही भाग रिझर्व्ह बँकेकडे राखीव, काही सरकारी रोख्यांत, उरलेल्यातून कर्ज. एका मास्तरांची भविष्य निर्वाह निधीची रक्कम अशा तऱ्हेने कुणाच्या तरी मोसंबीच्या बागेत जाते. मास्तरांना ती बाग कधी दिसत नाही. ती बघायला जाणारा माणूस म्हणजे बँकर.

अर्थव्यवस्थेत बँक काय करते, हे मी एका गड्डीवरून शिकलो. तेव्हा नोटांच्या गड्ड्या तारेने टाचलेल्या असत आणि वरच्या चिठ्ठीवर रोखपालाची सही व तारीख. सोमवारी आम्ही पीककर्ज वाटलं. बुधवारी संध्याकाळी खताच्या दुकानदाराने भरणा केला, त्यात दहाच्या नोटांची एक गड्डी होती, अजून न सोडलेली, आमच्याच रोखपालाची सोमवारची सही असलेली. मधल्या दोन दिवसांत शेतकऱ्याच्या घरी खताची पोती पोहोचली होती, दुकानदाराची उधारी फिटली होती आणि पैसा पुन्हा आमच्या तिजोरीत, पुढच्या कर्जदारासाठी. पुस्तकात वाचलेलं तोवर डोक्यात शिरलं नव्हतं.

१९ जुलै १९६९ ला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, तेव्हा देशात ६० हजारांहून जास्त माणसांमागे बँकेची एक शाखा होती. आमच्या आजोबांच्या पिढीला बियाण्यासाठी सावकाराशिवाय दार नव्हतं. शेकडा तीन रुपये, तेही महिन्याला. सरकारी बँकांवर आज लोक पुष्कळ टीका करतात आणि त्यातली बरीच खरी आहे. पण नदीपलीकडच्या वस्तीवर खातं उघडायला नफ्याच्या हिशेबाने कुणीही गेलं नसतं, यावर मी ठाम आहे.

माझ्या हातून एक मोठी चूक झाली, ती सांगितली पाहिजे. एका मार्चअखेरीला उद्दिष्ट गाठायचं होतं. विहिरीची एक फाइल मी टेबलावरच मंजूर केली. विहीर जुनीच निघाली, पैसा दुसरीकडे गेला, कर्ज थकलं, कर्जदार गाव सोडून गेला. नोटीस गेली जामीनदाराला. तो शाळेत शिपाई होता. टोपी हातात घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. "साहेब, मी नुसती सही केली होती." सही तर मीही नुसतीच केली होती. तो हप्त्याहप्त्याने भरत राहिला. मला त्या रांगेकडे बघवायचं नाही.

त्यानंतर 'नाही' म्हणायला मी कचरलो नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. एक बागायतदार तिसऱ्या बोअरसाठी कर्ज मागत होता. दोन आधीच कोरडे गेले होते. मी त्याच्या बांधावर बसून नाही म्हटलं, आणि तो चिडून उठून गेला. पण गावाची पैसेवारी, म्हणजे पिकाचा सरकारी अंदाज, ५० पैशांच्या आत होती, त्यामुळे पीककर्जाचं पुनर्गठन करून फेडीची मुदत वाढवता येत होती. दुसऱ्या दिवशी मीच अर्ज घेऊन त्याच्या घरी गेलो. अर्धी झाडं त्याने तोडली, उरलेली टँकरवर जगवली. पुढेही वाईट वर्षं आली, हप्ते लांबले, तरी त्याच्या डोक्यावर तिसरा खड्डा नव्हता. मार्चमध्ये दोन दिवसांसाठी सावकाराकडून उचलून नवं-जुनं करणारे, म्हणजे जुनं कर्ज भरून लगेच नवं घेणारे, शेतकरी मी पाहिलेत. बँकेच्या वहीत ते खातं चोख दिसतं. काउंटरवर माणसाचा चेहरा बघितला तरच ते कळतं.

काल रात्री भाचीचा पुन्हा फोन. आवाजात उत्साह होता.

"जाऊन आले मामा. म्हशी पाचच. सहावी चुलत्याची, फोटोपुरती बांधली होती. पाचातल्या दोन भाकड आहेत. पण माणूस कष्टाळू वाटला, बायको स्वतः धार काढते, एक एकर लसूणघास आहे. चारच्या जागी दोनच म्हशी देऊ का?"

"दे. आणि हप्ता तीन म्हशींच्या दुधावर बसव," मी म्हटलं.