पांढऱ्या कागदावरची चार अक्षरं फ्रेम करताना

निसर्गचित्राची प्रिंट जराशी तिरकी बसली किंवा कागदाला किंचित लाट आली, तरी झाडाझुडपांत ते खपून जातं. कॉन्सेप्च्युअल कलेच्या, म्हणजे चित्रापेक्षा कल्पनेला महत्त्व देणाऱ्या कलेच्या, प्रिंटमध्ये बऱ्याचदा नुसता पांढरा कागद असतो आणि त्यावर एखादं वाक्य किंवा चार सरळ रेघा. तिथे चूक लपवायला जागाच नाही. दोन मिलिमीटरचा तिरकेपणाही दारातून दिसतो.

आधी निवड. अमेरिकन कलाकार जेनी होल्झर यांची 'ट्रुइझम्स' ही एकेका ओळीची विधानं १९७७ ते १९७९ या काळात साध्या पोस्टरच्या रूपात न्यूयॉर्कच्या भिंतींवर चिकटवलेली होती, त्यामुळे त्यांची छापील प्रत घरात लावणं मुळाला धरूनच आहे. अमेरिकन कलाकार जॉन बाल्डेसारी यांचं १९७१ चं 'आय विल नॉट मेक एनी मोअर बोरिंग आर्ट' ('यापुढे कंटाळवाणी कला करणार नाही') हे तर लिथोग्राफच, म्हणजे मुळातच छापील काम. शाळेत शिक्षा म्हणून लिहून घेतात तसं एकच वाक्य ओळीखाली ओळ. याउलट मुंबईचे कलाकार जितीश कल्लाट यांचं 'पब्लिक नोटिस' (२००३) घ्या. नेहरूंचं स्वातंत्र्याच्या मध्यरात्रीचं भाषण आरशासारख्या ॲक्रिलिक प्लास्टिकवर रबरी गोंदाने लिहून ती अक्षरं जाळलेली आहेत. समोर उभ्या माणसाचा चेहरा त्यात वेडावाकडा दिसतो; फोटोच्या प्रिंटमध्ये तो कुठून येणार? अमेरिकन कलाकार सोल लेविट यांच्या पेन्सिलीतल्या भिंतचित्रांचे फोटोही घेऊ नयेत, लहान आकारात बारीक रेघा धुरकट होतात. त्यांनी प्रिंट म्हणूनच केलेली कामं मात्र छान उतरतात.

नेटवरून फाइल उतरवून कोपऱ्यावरच्या दुकानात छापून घ्यायचा विचार असेल तर तो सोडा. भारतात कलाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात आणि यातली बहुतेक मंडळी परवापरवापर्यंत होती किंवा अजून आहेत. संग्रहालयाच्या दुकानातून किंवा परवानगी असलेल्या प्रकाशकाकडून घ्या. शिवाय उतरवलेल्या जेपेगमध्ये काळ्या अक्षरांभोवती करड्या ठिपक्यांची झालर असते आणि पांढऱ्या कागदावर तीच आधी डोळ्यांत भरते.

प्रिंट हातात आली की दहापट भिंगाखाली एका अक्षराची कड बघा. काळं अक्षर चार रंगांच्या ठिपक्यांनी बनलेलं असेल तर कड फुटल्यासारखी दिसते. एकट्या काळ्या शाईचं असेल तर ती धारदार असते. ए२ आकाराला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) फाइल ४९६१ × ७०१६ पिक्सेलची लागते. रंगीत फोटोला याच्या निम्म्यातही निभावतं, अक्षरांना नाही. कॅनव्हासवर छापलेलं वाक्य तर घेऊच नका, विणीवर कड तुटते.

कागद कॉटन रॅग, म्हणजे कापसाच्या धाग्यांचा, चौरस मीटरला ३०० ग्रॅमच्या आसपासचा. लख्ख निळसर पांढऱ्या कागदात चकाकी आणणारी रसायनं असतात. ती काही वर्षांत उन्हाने मरतात आणि कागद पिवळट होतो. माउंटबोर्ड (प्रिंटभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) निवडताना दुकानातल्या एलईडीखाली ठरवू नका. प्रिंट आणि नमुन्याचा तुकडा खिडकीपाशी शेजारी ठेवून बघा. दोन पांढरे एकमेकांशी जुळले नाहीत तर प्रिंट मळकी दिसते. असं वाटलं तर सरळ फिकट राखाडी माउंट घ्या.

मापं ए२ साठी, म्हणजे ४२० × ५९४ मिमीच्या कागदासाठी देतो. माउंटमध्ये कापायची खिडकी ४१० × ५८४, म्हणजे चारही बाजूंनी ५ मिमी कागद माउंटखाली जातो. माउंटच्या कडा वर आणि बाजूंना ७० मिमी, खाली ८५. सगळीकडे सारखी ठेवली तर चित्र खाली घसरल्यासारखं दिसतं. बोर्डाचं बाहेरचं माप झालं ५५० × ७३९. फ्रेमची आतली खाच ५५३ × ७४२ ठेवायला सांगा, कारण दमट हवेत बोर्ड फुगतो. खाचेची खोली १२ मिमी हवी: काच २, माउंट दीड, मागचा बोर्ड दीड, बॅकिंग ३, उरलेलं खिळ्यांना. खिडकी कापून झाली की गुण्या लावून चारही कोपरे स्वतः तपासा.

सगळ्यात जास्त प्रिंट कुठे वाया जात असतील तर मागच्या बाजूला. बरेच फ्रेमवाले प्रिंटला पांढरा गोंद लावून ती हार्डबोर्डवर चिकटवून मोकळे होतात, किंवा चारही कडांना सेलोटेप मारतात. पावसाळ्यात कागद रुंदावतो, त्याला सरकायला जागा नसते आणि मधोमध लाटा येतात. सेलोटेपचा चीक कागदात मुरून तपकिरी डाग पडतो, तो निघत नाही. प्रिंटला फक्त वरच्या कडेला दोन बिजागऱ्या हव्यात: जपानी कोझो कागदाच्या पट्ट्या, गव्हाच्या सत्त्वाची घट्ट खळ अगदी थोडी. बाकी प्रिंट मोकळी लोंबू द्यायची. खळ ओली असताना वरून टिपकागद आणि वजन ठेवा, नाहीतर पट्टीच्या जागी सुरकुती पडते. कसरीला हीच खळ आवडते, म्हणून फ्रेमची मागची फट टेपने पूर्ण बंद करायची.

बॅकिंगला एमडीएफ किंवा हार्डबोर्ड नको; दोन्ही ओल ओढतात आणि आम्लही सोडतात. निवडणुकीच्या बोर्डांना वापरतात तसली पीपी (पॉलिप्रॉपिलीन) प्लास्टिकची पोकळ शीट चांगली, तिच्यापुढे आम्लरहित बोर्ड.

काच की ॲक्रिलिक? वरच्या मापात २ मिमी काच साधारण २ किलो भरते, तेवढंच ॲक्रिलिक किलोभर. पण ॲक्रिलिकवर धूळ बसते आणि ते कोरड्या फडक्याने पुसलं की चरे पडतात. काळा भाग मोठा असलेल्या प्रिंटला साधी काच लावली तर समोरची ट्यूबलाइट त्यात दिसते, तिथे चमक न मारणाऱ्या काचेचे पैसे वसूल होतात.

टांगताना एका तारेवर नको. पंख्याच्या वाऱ्याने, दाराच्या धक्क्याने फ्रेम तिरकी होते आणि वाक्याची ओळ लगेच चुगली करते. फ्रेमच्या मागे दोन डी-रिंग (डी आकाराच्या कड्या), भिंतीत दोन स्क्रू. चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ सेंमी. फ्रेमची बाहेरची उंची ७७ सेंमी आणि रिंग वरून ६ सेंमी खाली असेल तर स्क्रू १७७.५ सेंमीवर. प्लग नुसत्या गिलाव्यात अडकला तर महिन्याभरात सैल होतो. तो विटेत गेला पाहिजे, तेव्हा स्क्रू ४० मिमी तरी लांब घ्या. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराच्या टिकल्या लावा म्हणजे मागे हवा खेळते. बाहेरच्या भिंतीला ओल येत असेल तर ती भिंत सोडा. नवरात्रापर्यंत फ्रेम एकदा उतरवून मागची टेप बघा. सुटलेली दिसली तर प्रिंटला हात न लावता फक्त टेप बदलायची.