ट्रेलर अपडेट: इन्व्हर्टरचा दोष अखेर निगेटिव्हमध्ये सापडला

सापडलं एकदाचं! आमच्या ट्रेलरमध्ये, म्हणजे गाडीमागे ओढायच्या फिरत्या घरात, केटल लावली की इन्व्हर्टर (बॅटरीच्या डीसीचा २३० व्होल्ट एसी करणारा डबा) ओरडतो आणि मिक्सर सुरू केला की थेट बंद पडतो, हे मागच्या अपडेटमध्ये वाचलंच असेल. उद्यमबागेतल्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने तर निकालच दिला होता, "दादा, बॅटरी गेलीया, नवीन घाला की." पण केटल चालू असतानाही बॅटरीच्या टोकांवर मीटर १२.९ व्होल्ट दाखवत होता, त्यामुळे मला काही ते पटेना.

पाऊस उघडला तसा ट्रेलर अंगणात ओढला, ६०० वॅटची केटल लावली आणि व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेत किती व्होल्ट गळतात ते, मोजायला बसलो. हे लोड चालू असतानाच करावं लागतं. करंटच नसेल तर ड्रॉप दिसणार कुठून? बॅटरीचं पॉझिटिव्ह ते इन्व्हर्टरचं पॉझिटिव्ह: ०.२५ व्होल्ट. फ्यूजसकट एवढं चालतं. मग निगेटिव्ह ते निगेटिव्ह: १.६ व्होल्ट! इन्व्हर्टरला जेमतेम ११ पोचत होते. करंट साधारण साठ अँपिअर, म्हणजे शंभरेक वॅट निव्वळ निगेटिव्हच्या वाटेत जळत होते.

ट्रेलर घेतला तेव्हापासून निगेटिव्ह चासीतून फिरवलेलं आहे. बॅटरीकडून एक आखूड वायर चासीला, इन्व्हर्टरकडून दुसरी. लग (वायरच्या टोकाला दाबलेलं बोल्टाचं कडं) ते लग मोजत सरकलो. पुढच्या बोल्टावर किरकोळ ड्रॉप. मागच्या बोल्टावर, लग आणि चासीचं लोखंड यांच्यात, १.४! बोल्टाला हात लावला तर चटका बसला. खोलून बघतो तर लगखाली चासीचा काळा रंग तसाच. सगळा करंट बोल्टाच्या आट्यांतून जात होता, आणि त्या आट्या जांबोटी-चोर्ल्याच्या पावसात गंजून तांबूस झालेल्या. ज्याने हे जोडलं त्याने रंग खरवडायला हवा होता. एवढ्यासाठी चांगली बॅटरी मोडीत निघाली असती.

रंग घासून बोल्ट आवळला तेव्हाच ओरडणं थांबलं. पण तेवढ्यावर भागवायचं नाही, चासी पुन्हा गंजणारच. बॅटरी ते इन्व्हर्टर ३५ स्क्वेअर एमएमची स्वतंत्र निगेटिव्ह केबल टाकली आणि चासीला फक्त बाँडिंगची (लोखंड निगेटिव्हला जोडून ठेवणारी) वायर ठेवली. आता केटल चालू असताना इन्व्हर्टरच्या टोकांवर साडेबारा व्होल्ट! लगेच मिक्सरमध्ये शेंगदाण्याची चटणी वाटली. मोटर उचलताना लाईट क्षणभरही मंद झाला नाही. फार बरं वाटलं.

केबल घेताना ब्लेडने तार खरवडून बघाच. आतून पांढरी निघाली तर तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम समजा. तीच केबल मला एका दुकानात प्युअर कॉपर म्हणून दाखवली होती. लग हायड्रॉलिक क्रिंपरनेच (लग दाबायचं हत्यार) दाबून घ्या, हातोडीने ठोकलेला नको. क्लॅम्प मीटर (वायरभोवती धरून करंट मोजतात तो) डीसी मोजणारा हवा, साध्याला फक्त एसी कळतो.

खरं तर पॉझिटिव्हलाही ३५ची केबल आणणार होतो. पण लिहिता लिहिता सुचलं, इन्व्हर्टरच बॅटरीशेजारी बर्थखाली आणला तर? डीसीचं अंतर अर्ध्या मीटरवर येईल. २३० व्होल्टच्या बाजूला केटलला तीन अँपिअरही लागत नाहीत, तिथे अडीच स्क्वेअर एमएमची वायर लांब नेली तरी बिघडत नाही. आत्ता टाकलेली निगेटिव्हच कापली तर दोन्हीकडे पुरेल. फ्यूज बॅटरीलगतच राहील, आणि हवा खेळायला बर्थच्या फळीला जाळी लागेल. ठरलं, नवी केबल रद्द.

बाहेरून लाईट घ्यायचं काम अजून बाकी आहे. सध्याचा चेंजओव्हर (बाहेरची लाईट की इन्व्हर्टर, हे निवडायचा स्विच) फक्त फेज बदलतो, न्यूट्रल एकत्रच राहतं. तिथे डीपी, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही बदलणारा, चेंजओव्हर घालणार. इन्व्हर्टरवर चालताना आरसीसीबीचा (करंट अर्थला गळला की लाईट तोडणारा स्विच) उपयोग व्हायचा तर इन्व्हर्टरचं न्यूट्रल ट्रेलरच्या अर्थला बांधावं लागतं, पण प्रत्येक इन्व्हर्टरला ते चालत नाही. मॅन्युअल बघून मगच हात घालतो. कुणी असं बाँडिंग केलं असेल तर चेंजओव्हरचा कॉन्टॅक्ट वापरला की वेगळा रिले, तेवढं सांगा.