कर्क्सव्हिल ते डी मॉईन: दोन ऑस्टिओपॅथिक कॉलेजं, एक फेरी

अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात कॅन्सस सिटीच्या विमानतळावर भाड्याची गाडी घ्यायची, इंटरस्टेट ३५ गाठून उत्तरेला कॅमरनपर्यंत जायचं आणि तिथून पूर्वेला यूएस ३६ धरायचा. पुढे मका आणि सोयाबीन, मधूनच धान्याची उंच कोठारं. वाटेत चिलिकथी लागतं. यंत्रावर कापलेला ब्रेड १९२८ साली पहिल्यांदा या गावात विकायला आला, आणि गावाला त्याचा अजून अभिमान आहे. मेकनला यूएस ६३ वर डावीकडे वळलं की पाऊण तासाच्या आत कर्क्सव्हिल. एकूण तीन तास धरा. संध्याकाळी निघू नका. ६३ वर हरणं अचानक आडवी येतात आणि दोन गावांच्या मधल्या टापूत मदत मिळायला वेळ लागतो.

ऑस्टिओपॅथिक कॉलेजांमध्ये प्रवेश मिळालेल्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी ही फेरी मुद्दाम आखली. अमेरिकेत डीओ, म्हणजे डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन, ही पदवी तिथल्या एमडी या मूळ वैद्यकीय पदवीच्या बरोबरीची आहे. पन्नासही राज्यांत पूर्ण परवाना मिळतो, औषधं लिहिता येतात, शस्त्रक्रिया करता येते, आणि २०२० पासून दोन्ही पदव्यांच्या रेसिडेन्सीला, म्हणजे पदवीनंतरच्या रुग्णालयातल्या प्रशिक्षणाला, मान्यता देणारी यंत्रणाही एकच आहे. अमेरिकेबाहेर बहुतेक ठिकाणी ऑस्टिओपॅथ म्हणजे फक्त हाताने उपचार करणारी व्यक्ती, डॉक्टर नव्हे. पुण्या-ठाण्यातल्या आजी-आजोबांना हे आधीच नीट समजावून सांगावं, म्हणजे फोनवर काळजी होत नाही.

कर्क्सव्हिल हे साडेसतरा हजार वस्तीचं गाव. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८९२ मध्ये इथे जगातलं पहिलं ऑस्टिओपॅथिक कॉलेज सुरू केलं. आज ते ए. टी. स्टिल विद्यापीठाचा भाग आहे. १८६४ मध्ये मेंदूज्वराने स्टिल यांची तीन मुलं गेली. त्या काळची औषधं किती निकामी आहेत हे घरातच दिसलं, आणि त्यांचा पुढचा सगळा शोध तिथून सुरू झाला. विद्यापीठाच्या संग्रहालयात त्यांचं जन्मघर असलेली लाकडी ओंडक्यांची खोपी आणि शाळेची पहिली दोन खोल्यांची इमारत जपून ठेवली आहे. १९२५ च्या सुमारास दोन विद्यार्थ्यांनी मानवी देहातून सोडवून काढलेली अखंड मज्जासंस्था तिथे काचेमागे आहे. तिच्यासमोर जरूर थांबा. शरीररचना शिकायला किती सोशिकपणा लागतो ते तिथे कळतं.

पण निर्णय संग्रहालयात घ्यायचा नाही. ओएमएम, म्हणजे हाताने तपासणी आणि उपचार शिकवणाऱ्या प्रयोगशाळेत, एखादा वर्ग बघायला मिळतो का ते विचारा. डीओच्या विद्यार्थ्याला एमडीच्या मानाने या विषयाचे साधारण दोनशे तास जास्त असतात. मुलं एकमेकांवरच सराव करतात आणि चार गोष्टी शोधतात: ऊतीचा पोत, दोन बाजूंतला फरक, हालचालीतला अडथळा, दुखरेपणा. एका शिक्षकामागे किती टेबलं आहेत ते मोजा, कारण चुका फार बारीक असतात. मसल एनर्जी तंत्रात रुग्णाने तीन ते पाच सेकंद हलका जोर लावायचा, सैल सोडायचं, मग पुढच्या अडथळ्यापर्यंत न्यायचं, असं तीन ते पाच वेळा. नवखा विद्यार्थी रुग्णाला पूर्ण ताकद लावायला सांगतो. मग मोठे स्नायू मध्ये येतात आणि ज्या मणक्यासाठी हे चाललंय त्याचे छोटे स्नायू बाजूलाच राहतात. काउंटरस्ट्रेनमध्ये दुखऱ्या बिंदूवरचं दुखणं किमान सत्तर टक्के उतरेल अशा स्थितीत शरीर आणून नव्वद सेकंद धरायचं आणि अगदी सावकाश परत आणायचं. घाई केली की स्नायू पुन्हा आखडतो. शिक्षक टेबलापाशी येऊन हातावर हात ठेवून या गोष्टी सुधारत असेल तर विषय खरा शिकवला जातोय. तो समोर उभा राहून सूचना देत असेल, तर मुलं परीक्षेपुरतं शिकतात आणि तिसऱ्या वर्षी सोडून देतात.

गावात शिकायला निवांतपणा भरपूर आहे आणि घरभाडं मोठ्या शहरांच्या मानाने हलकं. गाडी नसेल तर दक्षिणेला वीसेक किलोमीटरवर ला प्लाटा स्टेशन आहे. शिकागो आणि लॉस एंजेलिसच्या दरम्यान धावणारी साउथवेस्ट चीफ तिथे दिवसातून एकदा प्रत्येक दिशेने थांबते. जोडीदाराला नोकरी हवी असेल तर मात्र इथे पर्याय मोजकेच. आणि इतक्या लहान गावात सगळ्या विद्यार्थ्यांना पुरतील एवढे रुग्ण नाहीत. त्यामुळे दोन वर्षं संपली की मुलं वेगवेगळ्या राज्यांतल्या रुग्णालयांमध्ये पांगतात.

दुसऱ्या दिवशी ६३ नेच उत्तरेला आयोवात. ब्लूमफील्डच्या आसपास रस्त्याच्या कडेने जुन्या पद्धतीने राहणाऱ्या आमिश या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या घोडागाड्या असतात, चढावर वेग कमी ठेवा. ऑटमवा, ऑस्कलूसा आणि मग १६३ वर डच लोकांनी वसवलेलं पेला. तिथली पवनचक्की पाहायला अर्धा तास पुरतो. डी मॉईनपर्यंत साधारण अडीच-तीन तास.

डी मॉईन विद्यापीठ १८९८ चं. स्थापना स्टिल यांचे पुतणे समरफील्ड स्टिल आणि त्यांची पत्नी एला यांची. २०२३ मध्ये ते शहरातली जुनी जागा सोडून वेस्ट डी मॉईनमधल्या ८८ एकरांच्या नव्या परिसरात आलं. इमारती सुंदर आहेत, उजेड भरपूर, आणि फिजिओथेरपी, पोडियाट्री (पावलांचे विकार), फिजिशियन असिस्टंटचे विद्यार्थीही तिथेच. शहर दोन लाखांवर वस्तीचं आणि राज्याची राजधानी. मर्सीवन, आयोवा मेथडिस्ट, ब्रॉडलॉन्स अशी मोठी रुग्णालयं हाताशी असल्याने पहिल्या वर्षापासून डॉक्टरांसोबत उभं राहायला आणि संशोधनात हात घालायला वाव आहे. मॅड्रिड नावाच्या गावाजवळ हिंदू मंदिर आहे, गाडीने साधारण अर्ध्या तासावर. थंडी दोन्हीकडे कडक. पाहायला जायचं तर डिसेंबर-जानेवारी टाळा, आणि मुलाखत ऑनलाइन झाली असेल तर भेटीची वेळ वेगळी मागून घ्या.

पहिली दोन वर्षं दोन्हीकडे बरीचशी सारखी. फरक पडतो तिसऱ्या वर्षी, रुग्णालयातली रोटेशन्स (वेगवेगळ्या विभागांत पाळीपाळीने काम) सुरू झाली की, आणि परिसर दाखवणारी विद्यार्थी मंडळी बहुधा पहिल्या-दुसऱ्या वर्षाची असल्याने त्याबद्दल त्यांना फारसं ठाऊक नसतं. म्हणून तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाच्या निदान दोन विद्यार्थ्यांचा ईमेल मागा. डी मॉईनमध्येही सगळ्यांना शहरात जागा मिळते असं गृहीत धरू नका. बरेच जण बाहेर जातात. ठिकाणं पसंतीने ठरतात की सोडतीने? लहान मूल किंवा जोडीदाराची नोकरी असेल तर सवलत आहे का? वर्षभर एकच शहर, की दर काही आठवड्यांनी बिऱ्हाड हलवायचं? आणि सर्वांत महत्त्वाचं: इंटर्नल मेडिसिन आणि सर्जरीचं रोटेशन रेसिडेंट असलेल्या वॉर्डात आहे, की एकट्या डॉक्टरच्या दवाखान्यात? एकट्या डॉक्टरकडे हाताला काम भरपूर मिळतं, टाके घालायला मिळतात. पण पहाटे रुग्ण तपासून राउंडवर तोंडी मांडणं, नोंदी लिहिणं, पथकात काम करणं हे वॉर्डातच शिकता येतं. ते न शिकता चौथ्या वर्षी ऑडिशन रोटेशनला, म्हणजे जिथे रेसिडेन्सी हवी तिथे आपलं काम दाखवायला, गेलेलं मूल पहिला आठवडा चाचपडत राहतं, आणि ती रोटेशन्स चारच आठवड्यांची असतात.

परीक्षांबद्दलही नेमकं विचारा. कॉमलेक्स ही डीओची परवाना परीक्षा सक्तीची, यूएसएमएलई ही एमडीवाल्यांची परीक्षा ऐच्छिक. सर्जरीच्या शाखा किंवा त्वचारोगासारख्या चुरशीच्या विषयांसाठी बहुतेक मुलं दोन्ही देतात. दोन्हींचा पहिला टप्पा २०२२ पासून फक्त उत्तीर्ण-अनुत्तीर्ण आहे, त्यामुळे सगळा भार दुसऱ्या टप्प्याच्या गुणांवर आला. पहिल्या टप्प्याआधी अभ्यासाला मोकळे आठवडे किती मिळतात, आणि कॉलेजच्या सराव परीक्षेत ठरावीक गुण नसतील तर बसू देतात का? बसू दिलं नाही तर रोटेशन्स पुढे जातात आणि वर्षाचं वेळापत्रक विस्कटतं.

रेसिडेन्सीचे आकडे वाचताना जपा. २०२५ च्या मॅचमध्ये, म्हणजे रेसिडेन्सीच्या जागा वाटणाऱ्या देशव्यापी प्रक्रियेत, देशभरातल्या डीओ अंतिम वर्षाच्या ९२.६ टक्के विद्यार्थ्यांना जागा मिळाली. कॉलेजच्या संकेतस्थळावर शंभराच्या जवळचा आकडा दिसला तर त्यात मॅचनंतरच्या फेरीत मिळालेल्या आणि एकाच वर्षाच्या प्रिलिमिनरी जागाही धरलेल्या असू शकतात. मुलाला हव्या त्या शाखेत गेल्या तीन वर्षांत कितीजण गेले आणि कोणत्या रुग्णालयात, हे विचारलं की चित्र स्वच्छ होतं.

पैशाचं गणित २०२६ मध्ये बदललं. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस हे सरकारी शैक्षणिक कर्ज बंद. वैद्यकीय विद्यार्थ्याला सरकारी कर्ज वर्षाला जास्तीत जास्त ५० हजार डॉलर, एकूण दोन लाख. या दोन्ही कॉलेजांचं नुसतं शिकवणी शुल्कच वर्षाला ५० हजारांच्या वर जातं, राहणं-खाणं वेगळं. उरलेलं खासगी कर्ज, त्याला सहसा जामीनदार आणि व्याज जास्त. लष्कराची किंवा नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोर या सरकारी योजनेची शिष्यवृत्ती फक्त अमेरिकन नागरिकांना. मूल व्हिसावर असेल तर सरकारी कर्जच नाही, आणि काही कॉलेजं असे अर्जच घेत नाहीत. अर्जाचं शुल्क भरण्याआधी हे लेखी विचारून घ्या.

दोन्हीकडे तिसऱ्या वर्षाची जागा सारख्या दर्जाची मिळणार असेल, तर मी डी मॉईन घ्यायला सांगेन. कारण इमारती नव्हे, शहरातली रुग्णालयं. लहान गावात फॅमिली मेडिसिन करायचं आणि हातांचं काम आयुष्यभर वापरायचं असं मुलाने ठरवलं असेल, तर कर्क्सव्हिलचा विचार आधी करा. आणि एकीकडे चार वर्षांत मिळून तीस-चाळीस हजार डॉलर वाचत असतील तर ते वजन याहून मोठं आहे.

डी मॉईनहून कॅन्सस सिटीला परतायला इंटरस्टेट ३५ सरळ आहे, तीन तास. घरी पोचल्यावर लगेच अनामत भरू नका. एमडी कॉलेजांची अनामत बहुधा शंभर डॉलरच्या आसपास असते; डीओ कॉलेजं हजार-दोन हजार मागतात आणि ती सहसा परत मिळत नाही. प्रवेशपत्रावरची अंतिम तारीख पाहा, तिच्या आठवडाभर आधी दोन्ही कार्यालयांना एकाच मजकुराचा ईमेल पाठवा: रोटेशनची ठिकाणं कशी ठरतात, त्यांत रेसिडेंट असलेली किती, गेल्या वर्षी पहिल्या प्रयत्नात कॉमलेक्स किती टक्के उत्तीर्ण झाले, आणि चारही वर्षांचा अपेक्षित खर्च किती. तारीख गाठता येत नसेल तर मुदतवाढही याच ईमेलमध्ये मागा.