ती उन्हाळी नव्हती

माझ्या माता-बाल संरक्षण कार्डावर लघवीच्या रकान्यात पाच वेळा एकच नोंद आहे. अल्ब्युमिन म्हणजे प्रथिन नाही, साखर नाही. दर ९ तारखेला तपासणीला जायचे, बाटलीत लघवी द्यायची, सिस्टर त्यात पट्टी बुडवून बघायच्या आणि म्हणायच्या, "सगळं नॉर्मल आहे, मॅडम." एचआयव्हीची तपासणी झाली होती, गरमीची म्हणजे सिफिलिसची झाली होती, काविळीचीही झाली होती. कार्ड भरलेलं दिसलं की घरातले सगळे निर्धास्त. मीही.

तेव्हा मी जत तालुक्यातल्या एका वाडीवरच्या शाळेत होते. कवठेमहांकाळहून वडापच्या जीपने जायचे, पुढे नवरा कुणाकुणाला सांगून ठेवायचा ते गाडीवरून सोडायचे. शाळेत बायकांसाठी संडास होता, पण पाणी नाही. टँकर आला तर प्यायचं पाणीच पुरायचं नाही, तिथे संडासात कोण ओतणार? त्यामुळे आम्ही दोघी शिक्षिका सकाळी घरून जाऊन यायचो ते थेट संध्याकाळी घरी. पोट दिसायला लागल्यावर सारखी लागायची, म्हणून मी पाणीच कमी केलं. लिटरची बाटली अर्धी परत यायची. हे मी पहिल्यांदाच लिहिते आहे. पण खेड्यावर नोकरी करणाऱ्या किती बायका हेच करतात ते मला ठाऊक आहे.

काळजी नव्हती असं नाही. ती भलत्याच बाजूला होती. २०१८ च्या नोव्हेंबरात शाळेत गोवर-रुबेलाची लस आली, तेव्हा मला चौथा महिना होता. रुबेला पहिल्या तीन महिन्यांत आईला झाला तर बाळाचे डोळे, कान, हृदय यांवर घाला येतो, हे मी पालकसभेत स्वतः समजावून सांगितलेलं. रात्री मात्र मीच जागी. लस देणाऱ्या सिस्टरना विचारलं, मला द्याल का? त्या म्हणाल्या, "आता नाही देत. बाळंतपण झाल्यावर घ्या." मग जानेवारीत दुसरीतल्या तीन पोरांना कांजिण्या आल्या. सासूबाईंनी दारात कडुलिंबाचा टाळा लावला आणि मला आठवडाभर रजा टाकायला लावली. मला पाचवीत असताना येऊन गेल्या होत्या, कपाळावर खूण आहे. डॉक्टरांनी ती बघून मला धीर दिला. एवढं सगळं सांभाळलं आम्ही.

मार्चच्या सुरुवातीला लघवीला जळजळ सुरू झाली. आई फोनवर म्हणाली, "उन्हाळी लागली असंल. धने-जिऱ्याचं पाणी घे." सासूबाईंनी सब्जा भिजवला. दोन दिवस बरं वाटलं, पुन्हा जळजळ. ओटीपोटात दुखायचं, ते मी सातव्या महिन्यावर ढकललं. गरोदर बाईचं काहीही दुखलं तरी त्याला पोटाचं कारण सापडतंच.

होळीच्या चार दिवस आधी रात्री थंडी भरली. दोन गोधड्या, वर घोंगडं, तरी दात वाजत होते. पाठीत उजव्या बाजूला, बरगडीखाली, कुणी मूठ दाबून धरावी तसं दुखत होतं. आणि मग पोट कडक व्हायला लागलं. दगडासारखं व्हायचं आणि सैल पडायचं. ह्यांनी घड्याळ बघितलं, दर दहा मिनिटांनी. एकतिसावा आठवडा चालू होता. पहाटे तीनला मिरजेकडे निघालो. त्या पूर्ण रस्त्यात मी पोटावर हात ठेवून फक्त ती हलते का तेवढंच बघत होते.

ताप १०३. डॉक्टर मॅडमनी पाठीवर उजवीकडे हलकंच ठोकलं आणि मी ओरडले. सलाईन, शिरेतून अँटिबायोटिक, आणि बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून मला बारा-बारा तासांनी स्टेरॉईडची चार इंजेक्शनं. लघवी कल्चरला गेली, म्हणजे त्यातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीला. दोन दिवसांनी रिपोर्ट आला: ई. कोलाय नावाचे जंतू, एका मिलिलिटरात एक लाखाच्या वर. जंतू मूत्रपिंडापर्यंत चढले होते.

मॅडमनी मग कॉटवर बसून समजावलं. दिवस राहिले की मूत्रपिंडातून खाली येणाऱ्या नळ्या सैल पडतात. वरून गर्भाशयाचा भार येतो, तोही उजवीकडे जास्त. लघवी साचते आणि साचलेल्यात जंतू वाढतात. शंभरातल्या दोन ते दहा गरोदर बायकांच्या लघवीत असे जंतू असतात आणि कित्येकींना जळजळसुद्धा होत नाही. औषध मिळालं नाही तर त्यांतल्या चारपाचजणींमागे एकीचा तरी जंतुसंसर्ग मूत्रपिंडाला पोचतो. मी कार्ड पुढे केलं, म्हटलं, दर महिन्याला तपासली की लघवी! त्या म्हणाल्या, "ती पट्टी बीपीच्या आणि साखरेच्या त्रासासाठी. जंतू बघायला कल्चर लागतं." हे वाक्य मला सहा महिने आधी कुणी सांगितलं असतं तर, असं आजही वाटतं. मी डीएड झालेली बाई. विचारायचं असतं हेच मला माहीत नव्हतं.

कळा थांबल्या. पण पस्तिसाव्या आठवड्यात पाणी गेलं आणि लेक झाली. दोन किलो शंभर ग्रॅम. त्या आजारामुळेच लवकर झाली का, हे मॅडमनी छातीठोक सांगितलं नाही, म्हणून मीही सांगणार नाही. नऊ दिवस ती काचेत होती. पाठीवर बारीक लव, पायाचा तळवा माझ्या अंगठ्याएवढा. ओढायची ताकद नव्हती, म्हणून दूध काढून वाटी-चमच्याने पाजायचे. एक चमचा जायला किती वेळ लागतो ते तेव्हा कळलं. दुपारी हे शर्टाची बटणं काढून तिला उघड्या छातीवर घेऊन बसायचे, वरून दुपटं. एरवी चारचौघांत माझ्याशी दोन शब्द न बोलणारा हा माणूस तिच्याशी तासभर पावसापाण्याचं बोलत बसायचा.

आता ती पहिलीत आहे. माझी बदली झाली, नव्या शाळेत दोनशे लिटरचं पिंप आम्ही वर्गणी काढून संडासाशेजारी ठेवलंय आणि ते भरायची पाळी ठरलेली आहे. जूनमध्ये आमच्याकडे एक नवीन शिक्षिका आली, तिला तिसरा महिना. पहिल्याच आठवड्यात मी तिला बाजूला घेऊन कल्चरचं सांगितलं. ती लाजली, म्हणाली, "ताई, मला तर काहीच त्रास नाही." तरी गेली. रिपोर्टमध्ये जंतू निघाले. गरोदरपणात चालणाऱ्या गोळ्या मिळाल्या, कोर्स संपल्यावर पुन्हा कल्चर केलं, ते स्वच्छ आलं. परवा तिचं डोहाळजेवण झालं. मधल्या सुट्टीत मी अजून तिची पाण्याची बाटली उचलून बघते.