फळ्यावरचे वाचून दाखवण्याबद्दल

माझ्या भाचीला अल्पदृष्टी आहे. नागपुरातील एका शाळेत तिने नुकतीच सातवी पूर्ण केली. प्रवेशाच्या वेळीच तिला पहिला बाक मिळाला आणि तिच्यासाठी करायचे ते सारे झाले, अशी सर्वांची, आमचीही, समजूत झाली. प्रत्यक्षात तिची अडचण अंतराची कमी आणि उजेडाची जास्त होती. आपल्याकडे फेब्रुवारी सरता सरता सकाळचे ऊनही प्रखर होते. ते खिडकीतून थेट फळ्यावर आले की चकाकणाऱ्या हिरव्या फळ्यावरची अक्षरे तिला जवळूनही दिसेनाशी होत. गणिताच्या बाई लिहिता लिहिता प्रत्येक पायरी मोठ्याने म्हणत, त्यामुळे त्या तासाला तिची वही पूर्ण होई. इतर तास मैत्रिणीच्या वहीतून उतरवून घेण्यातच संपत.

घटक चाचणीत वाढीव वेळ मागितला, तेव्हा ‘मग बाकीच्या मुलींवर अन्याय होईल’ असे उत्तर मिळाले. त्यात दुष्टावा नव्हता, म्हणूनच ते मला अधिक बोचले. भिंग धरून एकेक ओळ वाचणाऱ्या मुलीचा बराच वेळ प्रश्न वाचण्यातच जातो; तिला इतरांइतकाच वेळ दिला तर तिच्या इतिहासाच्या अभ्यासाऐवजी तिच्या डोळ्यांची परीक्षा होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अल्पदृष्टीसह २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे. त्याच्या सोळाव्या कलमात विद्यार्थ्याच्या गरजेनुसार वाजवी सुविधा देण्याची, तर सतराव्यात वाढीव वेळ आणि लेखनिक यांची तरतूद आहे. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत लेखी परीक्षेसाठी हा वाढीव वेळ तासाला किमान २० मिनिटे ठरवलेला आहे. तरीही आपण या सगळ्याला ‘सवलत’ म्हणतो, आणि देणाऱ्याच्या मर्जीचा वास त्या शब्दाला चिकटून राहतो.

विदर्भातील शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. आठवीच्या पहिल्या आठवड्यात द्यायचे पत्र आम्ही लिहून ठेवले आहे: चाचण्यांनाही वाढीव वेळ, खिडकीला जाड पडदा, मोठ्या ठळक अक्षरांतील प्रश्नपत्रिका आणि फळ्यावर लिहिलेले प्रत्येक तासाला मोठ्याने वाचणे. शेवटच्या मागणीला एक पैसाही लागत नाही, आणि मागच्या बाकांवरच्या मुलींनाही तिचा उपयोग होईल. हे इतर शिक्षकांना समजावून सांगण्याची तयारी गणिताच्या बाईंनी आपणहून दाखवली आहे.