जिप्सीचा पुढचा ॲक्सल: हाउसिंग बदलायचंच ठरवलं

मारुती जिप्सीचं पुढचं हाउसिंग, म्हणजे शाफ्ट आणि डिफरन्शियल ज्यात बसतात ते ॲक्सलचं कवच, शेवटी खाली उतरवलं. कुहीकडच्या पांदणीत खचलेल्या कडेवरून डावं चाक धाडकन खाली गेलं, तेव्हापासून गाडी डावीकडे ओढायची आणि डाव्या नकलमधून, म्हणजे चाक वळवणाऱ्या ॲक्सलच्या टोकाच्या सांध्यातून, तेल गळायचं. नकलमध्ये असतं ग्रीस. तिथून गिअर ऑइल येतंय म्हणजे आतलं सील गेलं. नवं सील टाकलं, तरी पुन्हा तेच. तेव्हाच हाउसिंगवर संशय आला.

नकल ज्या खुंटावर वळते त्या किंगपिनची बेअरिंग खाल्ली असली तरी चाक कलतं, म्हणून आधी ती पाहिली. घट्ट होती. मग सपाट फरशीवर दोन्ही चाकांना ओळंबा लावला. उजवी रिम वरच्या बाजूला किंचित बाहेर, म्हणजे बरोबर. डावी मात्र आत झुकलेली. हाउसिंग मोकळं झाल्यावर दोन्ही तोंडांवर मधोमध भोक पाडलेल्या पत्र्याच्या चकत्या बसवल्या आणि आरपार दोरा ताणला. डाव्या सीलच्या बैठकीत दोरा एका कडेला सरकलेला दिसला. शाफ्ट असा तिरका बसला की सीलची ओठी एकाच बाजूने घासते. कितीही सीलं बदला, टिकणार नाहीत.

वाडीतले मिस्त्री म्हणाले, "भाऊ, गरम करून सरळ करून देतो ना." मी नको म्हटलं. तापवून ओढलेली नळी पुढच्या दणक्याला तिथेच वाकायची भीती, आणि पाट्याच्या (स्प्रिंगच्या) बैठकीजवळ तर सगळा भार. वापरलेलं पण सरळ हाउसिंग शोधलं, दोरा लावूनच घेतलं. पाट्यांच्या बैठकींचा कोनही जुन्याशी ताडून पाहिला. तो चुकला तर कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा पुढे-मागे कल, बिघडतो आणि वळणानंतर स्टिअरिंग आपसूक सरळ होत नाही.

जिप्सीत एक मोठी सोय आहे. शाफ्ट बाहेर ओढून नट काढले की डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना फिरवणारा मधला गिअरसंच, अख्खंच बाहेर येतं. त्यातल्या क्राउन (मोठं दातेरी चाक) आणि पिनियन (छोटं) यांच्या मांडणीला हात लागत नाही. कोणी पूर्ण ॲक्सलच घेत असेल तर दात मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. क्राउनचे 41 आणि पिनियनचे 11 असतील तर रेशो 3.73. मागचाही तोच हवा, नाहीतर फोर-व्हील टाकताच पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतील.

ब्रीदर, म्हणजे हाउसिंगची हवा ये-जा करायची तोटी, काढला तर काळ्या मातीने पूर्ण बुजलेला. हे फार महत्त्वाचं आहे. तापलेलं हाउसिंग नाल्याच्या पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते. ब्रीदर बंद असेल तर सीलमधून पाणी ओढलं जातं आणि तेल दुधाळ होतं. आता ब्रीदरला नळी जोडून ती इंजिनखोलीत उंच नेली आहे.

वळलेल्या चाकालाही फिरवणाऱ्या बर्फिल्ड जॉइंटचे सहाही गोळे, पिंजरा आणि वाटी रॉकेलने धुऊन उन्हात पाहिली. तडा नाही. मॉलिब्डेनमचं ग्रीस भरून बसवले. किंगपिनला सील लावण्याआधी नकल ताणकाट्याने ओढून पाहिली. सैल वाटली म्हणून एक पातळ शिम (पत्र्याची चकती) काढली.

अजून ब्रेकची हवा काढायची आहे आणि टो-इन, म्हणजे पुढची चाकं समोरून किंचित आत वळलेली आहेत ना, ते बघायचं आहे. फोर-व्हीलची चाचणी हिंगण्याकडच्या मुरमाड रस्त्यावर घेईन, कोरड्या डांबरावर नाही. मृग लागायच्या आत गाडी तयार हवी.