सगळंच 'सूक्ष्म' नसतं

थायरॉईडच्या रुग्णांसाठी लिहिलेली एक इंग्रजी माहितीपुस्तिका मराठीत आणायचं काम माझ्याकडे आलं होतं. रोगांची नावं, तपासण्या, औषधं हे सगळं सुरळीत पार पडलं. अडले ते भलत्याच ठिकाणी. टायनी, माय्न्यूट, मिनस्क्यूल, मायक्रोस्कोपिक, नेग्लिजिबल. शब्दकोश उघडावा तर पाचांपुढे जवळजवळ एकच अर्थ: फार लहान, सूक्ष्म. मग मीही दिसेल तिथे 'सूक्ष्म' लिहीत गेले. एका परिच्छेदात तो शब्द तीनदा आला, कानाला खटकला, म्हणून एका ठिकाणी बदलून 'नगण्य' केलं.

वाक्य असं झालं: 'शरीराला आयोडीन नगण्य प्रमाणात लागते.' मजकूर तपासणाऱ्या डॉक्टरांनी त्या शब्दाला गोल करून समासात लिहिलं, 'मग घ्यायचंच कशाला?'

मूळ शब्द माय्न्यूट होता. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण 150 मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं. हिशेब केला तर एक ग्रॅम 18 वर्षं पुरेल. इतकं थोडं, पण तेवढंही वर्षानुवर्षं मिळालं नाही तर गलगंड होतो. नगण्य म्हणजे ज्याची गणतीच करायची नाही ते. ते नेग्लिजिबलला चपखल बसतं, कारण त्या शब्दात आकारापेक्षा निर्णय जास्त आहे: हे सोडून दिलं तरी चालेल. माय्न्यूटचा रोख नेमका उलटा. लहान आहे म्हणून नीट बघा, असं तो सांगतो. आपल्याकडे 'बारीक'वरून 'बारकाई' आणि 'बारकावा' आले, तसंच काहीसं. तपासणीला माय्न्यूट म्हटलं की ती बारकाईने केलेली असते, छोटीशी नव्हे.

(स्पेलिंग मिनिटाचंच, उच्चार तेवढा वेगळा. दोन्ही एकाच घरचे. लॅटिनमध्ये तासाचा पहिला 'बारीक भाग' तो मिनिट, आणि दुसऱ्यांदा बारीक केलेला भाग तो सेकंद. हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.)

मायक्रोस्कोपिकचा अर्थ मला डॉक्टरांनी वाचून नव्हे, दाखवून समजावला. थायरॉईडच्या कापाची काचपट्टी त्यांनी आधी हातात दिली. उजेडात धरली तर नुसता गुलाबी डाग. मग सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि त्याच डागात गोल गोल कप्पे उमटले. प्रत्येकात गुलाबी द्रव्य, भोवती पेशींचं एकपदरी कडं. साध्या डोळ्यांची मजल साधारण 0.1 मिलिमीटरपर्यंत, या पेशी त्याच्या खूप खालच्या. म्हणून अहवालात कर्करोगाचा गाठीबाहेरचा फैलाव मायक्रोस्कोपिक आहे असं म्हटलं, की त्याचा अर्थ फैलाव लहान आहे एवढाच होत नाही. तो ऑपरेशनच्या वेळी डोळ्यांना दिसला नव्हता, काचपट्टीवर सापडला. मी तिथे 'फक्त सूक्ष्मदर्शकातून दिसणारा' असं लांबलचक लिहिलं आणि ते तसंच ठेवलं. रुग्णाला हा फरक कळलाच पाहिजे.

त्यातच 'मायक्रोकार्सिनोमा' आला. वाटलं, हाही त्यातलाच. पण थायरॉईडच्या बाबतीत 1 सेंटिमीटर किंवा त्याहून लहान, पॅपिलरी नावाच्या प्रकारच्या कर्करोगाला ते नाव आहे. 1 सेंटिमीटर म्हणजे नखाएवढं, चांगलं दिसणारं! इथला 'मायक्रो' बाकीच्या गाठींच्या मानाने. तेव्हापासून असा शब्द आला की मी आधी शोधते: लहान, पण कशाच्या मानाने? डोळ्यांच्या, उपकरणाच्या, गरजेच्या की अपेक्षेच्या?

मिनस्क्यूलमध्ये ही अपेक्षा असते. बोलणाऱ्याला वाटतं त्याहून हे कितीतरी कमी, अगदीच किरकोळ. धोका, वाटा, शक्यता अशा गोष्टींबरोबर तो सहज येतो. त्याचं स्पेलिंग मी वर्षानुवर्षं 'मिनी' धरून लिहीत होते. एननंतर आय नव्हे, यू हवा. मूळ लॅटिनच्या 'मायनस'शी, म्हणजे कमी असण्याशी जोडलेलं आहे. मिनिएचर, म्हणजे लघुचित्र, या शब्दाचा तर लहान असण्याशी मुळात संबंधच नव्हता. हस्तलिखितांतल्या चित्रांसाठी वापरायच्या शेंदरी रंगाच्या लॅटिन नावावरून तो आला. ती चित्रं लहान असत, म्हणून अर्थ तिकडे सरकला.

इन्फिनिटेसिमल या पुस्तिकेत नव्हता, आणि नव्हता तेच बरं. तो गणिताचा शब्द: शून्याच्या हवा तितका जवळ जाणारा, तरी शून्य न होणारा. औषधाच्या मात्रेला तो लावणं मला पटत नाही.

राहिला टायनी. थायरॉईडच्या मागच्या बाजूला बहुधा चार पॅराथायरॉईड ग्रंथी असतात, प्रत्येकी काही मिलिमीटरच्या. रक्तातलं कॅल्शियम त्या सांभाळतात. त्यांना मूळ लेखकाने टायनी म्हटलं होतं. इथे ना मोजमाप होतं, ना इशारा, नुसती बोलीतली जवळीक. मी आधी 'सूक्ष्म ग्रंथी' लिहिलं होतं, ते खोडून 'इवल्याशा ग्रंथी' केलं. डॉक्टर त्यावर क्षणभर थांबले, वैद्यकीय मजकुरात हा शब्द चालेल का म्हणाले. मी वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी तो ठेवला.